पहिलं बक्षीस थोडं कमी करा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खुली स्पर्धा जाहीर होते ती आकड्याने. चौकातल्या फ्लेक्सवर आधी ‘प्रथम बक्षीस ५१,०००’ दिसतं, मग खेळाचं नाव आणि शेवटी तारीख. टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी, शंकरपट, सगळीकडे तेच. पूल किंवा स्नूकरची स्पर्धा भरवण्याचा विचार करणारा पार्लरचालक किंवा मंडळही आधी हाच आकडा ठरवायला बसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि अशा स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या हौशी खेळाडूसाठीही. मोठी रक्कम आणि सगळ्यांना खुला प्रवेश यांनी खेळ वाढतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ती रक्कम पहिल्या नंबरावर ओतून खेळ वाढत नाही. ती खालपर्यंत पोचवावी लागते, आणि जाहीर करण्याआधी ती बँकेत असावी लागते.

हा खेळ आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हातून झाला असं मानलं जातं. पुढे १९०३ पासून १९५६ पर्यंत जबलपूर आणि यवतमाळ एकाच प्रांतात होते. स्वातंत्र्यानंतर वैयक्तिक खेळात भारताला पहिलं जगज्जेतेपद मिळालं तेही याच हिरव्या टेबलावर. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकले आणि १९६४ मध्ये पुन्हा जिंकले. त्यांच्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरांनी तोच किताब तीनदा मिळवला.

या सगळ्या विजेतेपदांवर ‘हौशी’ हा शिक्का आहे. मान होता, पैसा नव्हता. आजही भारतातला क्यू खेळांचा, म्हणजे बिलियर्ड्स, स्नूकर, पुलाचा मोठा खेळाडू बक्षिसांवर जगत नाही, पगारावर जगतो. पंकज अडवाणी, आलोक कुमार हे ओएनजीसीच्या नोकरीतले. इतर तेल कंपन्यांनीही खेळाडूंना अशीच जागा दिली. ही व्यवस्था चांगली आहे, पण नोकरी मिळते ती राष्ट्रीय पातळीवर चमकल्यावर. तिथे पोचण्याआधीची वर्षं मुलाने कशावर काढायची? महानगरांतल्या जुन्या जिमखान्यांची टेबलं सभासदांसाठी असतात. दारव्ह्याच्या किंवा घाटंजीच्या मुलाला तिथे कोण नेणार? त्याला कुणाच्या शिफारशीशिवाय आत शिरता येईल असं एकच दार आहे, आणि ते म्हणजे खुली स्पर्धा. फी भरायची, चिठ्ठीत नाव टाकायचं, समोर येईल त्याच्याशी खेळायचं.

जगात हे दार बरंच रुंद झालं आहे. अमेरिकेतली यूएस ओपन ही नऊ चेंडूंची जुनी स्पर्धा २०१९ पासून २५६ खेळाडूंची झाली. तिथे जगज्जेता आणि दिवसभर नोकरी करून संध्याकाळी खेळणारा माणूस एकाच ड्रॉमध्ये असू शकतात. २०२४ च्या जागतिक पूल स्पर्धेत जेद्दाला एकूण दहा लाख डॉलर वाटले गेले आणि विजेत्या फेडोर गोर्स्टला त्यातले अडीच लाख मिळाले, म्हणजे एकूण रकमेचा चौथा हिस्सा. स्नूकरमध्ये क्यू स्कूल नावाची पात्रता फेरी असते. फी भरून कुणीही हौशी खेळाडू उतरतो आणि जिंकला तर दोन वर्षं व्यावसायिक सर्किटवर खेळतो. मुंबईचा इशप्रीतसिंग चढ्ढा २०२३ मध्ये याच वाटेने व्यावसायिक झाला.

मोठ्या पैशाची स्पर्धा कशी बुडते, हेही भरवणाऱ्याला माहीत हवं. २००५ मध्ये केव्हिन ट्रूडो या अमेरिकी टीव्ही विक्रेत्याने इंटरनॅशनल पूल टूर काढली. पुलाने कधी पाहिले नव्हते असे आकडे त्याने जाहीर केले. जुलै २००६ मध्ये लास व्हेगासला विजेता थॉर्स्टन होमान याच्यासाठी साडेतीन लाख डॉलर होते. सप्टेंबरमध्ये रीनोला फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस जिंकला, त्याचं बक्षीस पाच लाख डॉलर होतं. जगभरातून खेळाडू पदरमोड करून आले होते. रीनोची स्पर्धा संपल्यावर आयोजकांनी सांगितलं की पैसे लगेच देता येणार नाहीत. मग ते हप्त्याहप्त्याने दिले गेले आणि ती टूर तिथेच मोडली. रेयेस काकाच्या पूल हॉलमध्ये लहानाचा मोठा झालेला माणूस. जगातला सर्वोत्तम म्हणून त्याचं नाव घेतलं जात होतं, आणि त्यालाही थांबावं लागलं. पहिल्या फेरीत हरून घरी गेलेल्यांचं काय झालं असेल? खेळाडू हरणं विसरतो, बुडवलेला पैसा विसरत नाही.

म्हणून पहिला नियम. स्पर्धेच्या नावाने मंडळाचं वेगळं बँक खातं उघडा आणि त्यावर दोघांच्या सह्या ठेवा. खात्यात जेवढी रक्कम जमा झाली आहे तेवढीच ‘निश्चित बक्षीस’ म्हणून छापा. प्रवेश फीवर अवलंबून असलेली रक्कम वेगळ्या ओळीत, ‘३२ प्रवेश आल्यास’ अशा स्पष्ट शब्दांत लिहा. देणगीदाराचा नुसता शब्द म्हणजे पैसा नव्हे. बक्षीस त्याच रात्री, अंतिम सामना संपल्यावर, यूपीआयने किंवा चेकने द्या आणि यादी पार्लरच्या भिंतीवर लावा. एवढं एक काम नीट झालं तर पुढच्या वर्षी नागपूर-अमरावतीचे खेळाडू स्वतःहून फोन करतील.

आता वाटपाकडे येऊ. माझा मुख्य मुद्दा इथेच आहे.

समजा तुमच्याकडे ५०,००० रुपये आहेत: ५०० रुपये फीचे ३२ प्रवेश मिळून १६,००० आणि देणग्यांतून ३४,०००. फ्लेक्ससाठी सोपी वाटणी म्हणजे पहिलं ३१,०००, दुसरं १५,०००, राहिलेले चार हजार ट्रॉफ्यांना. अशा स्पर्धेत काय होतं ते आधीच सांगता येतं. नागपूरहून दोन मुरलेले खेळाडू एका गाडीने येतात, पहिलं-दुसरं घेऊन रात्रीच परत जातात. गावातल्या तीस जणांनी आपल्या खिशातून त्यांच्या पेट्रोलचे पैसे दिलेले असतात. पुढच्या वर्षी त्या तिसांतले दहाच नाव देतात. चांगला खेळाडू बाहेरून आला ही तक्रार नाहीच, त्याला पाहणं हीच गावच्या पोरांची शाळा आहे. पण शाळेला फी असते तशी शिकणाऱ्याच्या हातात काही परतही यायला हवं.

याच रकमेचं दुसरं वाटप असं करता येईल. पहिलं १२,०००, दुसरं ८,०००. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना ४,५०० प्रत्येकी. उपउपांत्य फेरीत हरलेल्या चौघांना २,५०० प्रत्येकी. इथवर ३९,००० झाले. पहिल्याच फेरीत हरलेल्या सोळा जणांची वेगळी ‘प्लेट’ स्पर्धा लावा. तिथे विजेत्याला ४,०००, उपविजेत्याला २,५००, उपांत्य फेरीतल्या दोघांना १,२५० प्रत्येकी, म्हणजे ९,०००. उरलेले २,००० अठरा वर्षांखालच्या सर्वोत्तम खेळाडूला. ३२ जणांपैकी बारा-तेरा जण काहीतरी घेऊन घरी जातात. पहिल्या आठात पोचलेल्याला फीच्या पाचपट मिळतात. पहिल्या सामन्यात हरलेला मुलगाही दुसऱ्या दिवशी परत येतो, कारण त्याची स्पर्धा अजून चालू आहे.

पहिल्याच सामन्यानंतर घरी गेलेला नवशिका दीडशे रुपयांचं टेबलभाडं परवडत नाही म्हणून महिनाभर येत नाही, आणि मग कधीच येत नाही. तोच मुलगा प्लेटमध्ये तीन सामने खेळला तर त्याला पार्लरमध्ये चार ओळखी होतात, कुणीतरी त्याचा ब्रिज, म्हणजे क्यू टेकवायच्या हाताची बैठक, दुरुस्त करून देतो, आणि पुढच्या रविवारी तो मित्राला घेऊन येतो. खेळ अशाच पोरांनी वाढतो.

ही युक्ती बाहेरून आणायची गरज नाही. यात्रेतल्या आम दंगलीत सकाळी लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. मग शंभराची जोड, पाचशेची जोड, हजाराची, आणि सूर्य कलल्यावर शेवटची मोठी कुस्ती. सकाळी रेवड्या घेतलेला पोरगा संध्याकाळी आखाड्याच्या कडेला बसून मोठी कुस्ती डोळे फाडून पाहतो. त्याला हाकलून फक्त शेवटची कुस्ती ठेवली असती तर दहा वर्षांनी ती लढायला मल्लच उरला नसता. कबड्डीतही आपल्याकडे खुल्या गटाबरोबर किलो गट ठेवतात, तो याच जाणिवेने.

पुलात वजन मोजता येत नाही, पण ताकद मोजता येते. अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनने १९७९ पासून हौशी लीग उभ्या केल्या त्या सवलतीच्या पद्धतीवर: चांगल्याने जास्त गेम जिंकायचे, कच्च्याने कमी. अलीकडे फार्गोरेट नावाची गुणांकन पद्धत बरीच चालते. तिचा पाया सोपा आहे. दोन खेळाडूंत शंभर गुणांचं अंतर म्हणजे वरचा खेळाडू सरासरी तीनपैकी दोन गेम जिंकतो. आपल्या पार्लरला संगणक लागत नाही, एक वही पुरते. कोण कुणाशी खेळलं, किती गेम कुणी जिंकले, एवढंच दोन महिने लिहा आणि त्यावरून प्रत्येकाचा दर्जा ठरवा.

मग हे गणित पाहा. एक खेळाडू दुसऱ्याकडून तीनपैकी दोन गेम जिंकतो असं धरा. दोघांनाही सहा गेम जिंकायचे असतील तर कच्चा खेळाडू शंभर सामन्यांत जेमतेम बारा जिंकेल. कच्च्याला चारच गेम पुरे केले तर तो पस्तीस जिंकेल. तीनच केले तर त्रेपन्न, म्हणजे सामना बरोबरीचा, किंबहुना थोडा त्याच्याच बाजूला कलता. मी ६–४ सुचवेन. चांगला खेळाडू बहुतेक वेळा जिंकावाच. त्याने मेहनत केली आहे. पण कच्च्याला तीनात एक संधी मिळाली की तो जीव तोडून खेळतो आणि बघायला गर्दी होते. ६–३ केलं तर मुरलेला खेळाडू चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

सवलत फक्त पहिल्या दोन फेऱ्यांत आणि प्लेटमध्ये ठेवा. शेवटचे आठ उरले की सगळे समान. बाहेरगावच्या अनोळखी खेळाडूला सुरुवातीला वरचा दर्जा द्या. मुद्दाम हरून स्वतःला कच्चं दाखवणारे निघतात, त्यासाठी एक नियम आधीच छापून टाका: समिती चालू स्पर्धेत कुणाचाही दर्जा वाढवू शकते, पण कमी करू शकत नाही. यावर वाद होतील. समितीत स्वतः खेळणारा कुणी नसेल तर ते लवकर मिटतात.

वेळेचा हिशेब. ३२ जणांच्या बाद पद्धतीत ३१ सामने, प्लेटचे १५, एकूण ४६. सरासरी पाऊण तास धरला तर साडेचौतीस तास. तीन टेबलांवर वाटले की साडेअकरा तास होतात. म्हणजे शनिवार दुपार ते रात्र आणि रविवारचा दिवस, मध्ये वीज जाण्याची सूट धरूनही. एकाच टेबलावर ३२ जणांची स्पर्धा लावू नका. अंतिम सामना पहाटे तीनला, झोपलेल्या पार्लरमध्ये, कोणी न पाहता होतो. एकच टेबल असेल तर बारा जणांची स्पर्धा भरवा, ती नीट भरवा. इन्व्हर्टर टेबलावरच्या दिव्यांना जोडलेला असावा. पंखा गेला तरी खेळ चालतो, दिवा गेला तर नाही.

तारीख निवडताना शेताकडे पाहा. दिवाळीनंतर कापूस घरात येतो, बाजारात जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत गावात पैसा फिरतो. प्रायोजक तेव्हाच हो म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात पत्र्याखालच्या पार्लरमध्ये बसवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने टेबलाचं कापड जड होतं आणि चेंडू कुशनवरून वेगळाच येतो. सरावाला ते महिने ठीक, बक्षिसाला नाहीत.

प्रायोजकांबद्दल माझं मत ठाम आहे. एका पुढाऱ्याच्या लाखापेक्षा दहा दुकानदारांचे पाच-पाच हजार घ्या. कृषी केंद्र, जिनिंग, पतसंस्था, शिकवणी वर्ग, मोबाइलचं दुकान, दंतवैद्य. एकाच्या नावाने चाललेली स्पर्धा त्याच्या निवडणुकीपुरती चालते. दहा जणांतला एक गळाला तरी स्पर्धा उभी राहते. प्रत्येकाला एका टेबलाचं, एका फेरीचं किंवा एका बक्षिसाचं नाव द्या. ‘अठरा वर्षांखालील सर्वोत्तम खेळाडू’ हे बक्षीस शिकवणी वर्गवाला आनंदाने घेईल.

टेबलाचं सांगायचं तर सगळ्यांत आधी पाणसळ लावून पाहा. पांढरा चेंडू अगदी हळू लांब अंगाने सोडा, तो शेवटी एका बाजूला वळत असेल तर पायांखालचे स्क्रू फिरवून घ्या. पुलाचे चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचे असतात, स्नूकरचे ५२.५. जुन्या पार्लरमध्ये वेगवेगळ्या संचांतले चेंडू मिसळलेले सापडतात, आणि त्यात पांढरा झिजून हलका झालेला असतो. सामन्यांसाठी एकच संच ठेवा, रोज ओल्या मऊ फडक्याने पुसून कोरडा करा. जागतिक सामने नऊ फुटी टेबलावर होतात. तुमचं आठ किंवा सात फुटी असेल तर पत्रकावर तसं छापा, बाहेरून येणाऱ्याला तयारी करता येते.

नियमांचा एक कागद भिंतीवर हवा. प्रत्येक पार्लरचे ‘आपले’ नियम असतात. कुठे फाऊलवर दोन शॉट देतात, कुठे पांढरा चेंडू फक्त रेषेमागून ठेवू देतात, कुठे काळ्या चेंडूचा खिसा आधी सांगावा लागतो, कुठे नाही. खुल्या स्पर्धेत हे चालणार नाही. जागतिक पूल संघटनेचे आठ चेंडूंचे नियम घ्या, त्यात फाऊलनंतर समोरच्याला पांढरा चेंडू टेबलावर कुठेही ठेवता येतो. सगळ्या भांडणांतली निम्मी या एका नियमावरून होतात. पत्रक वाटतानाच तो ठळक अक्षरांत सांगा. राष्ट्रीय स्पर्धांत आठ, नऊ आणि दहा चेंडूंचे वेगळे गट असतात. आठपासून सुरुवात करणं बरं, कारण तो खेळ सगळ्यांना येतो.

पंच म्हणून पार्लरच्या मार्करला बसवा. गुण मोजणारी, टेबल पुसणारी, रॅक लावणारी ही पोरं दिवसभर खेळ पाहतात आणि बरेचदा गिऱ्हाइकांपेक्षा चांगलं खेळतात. मार्करचं काम करताकरता शिकून मोठे झालेले खेळाडू भारतात पूर्वीपासून होत आले आहेत. ज्या दिवशी त्याची ड्यूटी नाही त्या दिवशी त्याला फी न घेता स्पर्धेत उतरू द्या. जिल्ह्यातला पहिला खरा व्यावसायिक खेळाडू या पोरांतून निघेल, असं मला मनापासून वाटतं.

आता पैजांबद्दल. ‘हरेल तो टेबलभाडं देईल’ ही पार्लरची जुनी पद्धत आहे. पण बाजूला बसून सामन्यावर लावलेले पैसे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती स्पर्धा, पार्लर, मुलं, तिन्ही बुडवते. महाराष्ट्रात अजूनही १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्याच्या कलम १३ ने वगळलं आहे, पण त्या खेळावर बाहेरून लावलेल्या पैजेला ते कलम आधार देईल असं समजू नका. पत्रकावर ‘पैज लावणाऱ्यास बाहेर काढले जाईल’ असं लिहा आणि पहिल्याच माणसाला खरोखर बाहेर काढा, तो प्रायोजकाचा मेहुणा असला तरी. पार्लरचा परवाना आणि बंद करण्याची वेळ तपासा, पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. बक्षिसाची रक्कम दहा हजारांच्या वर जात असेल तर करकपातीबद्दल सनदी लेखापालाला स्पर्धेआधी विचारा, नंतर नाही.

आणखी एक गोष्ट, बक्षिसाइतकीच मोठी. पार्लर म्हटलं की आपल्या घरांत खर्रा, सिगारेट आणि उनाडकी एवढंच डोळ्यांपुढे येतं. ते सगळं खोटं नाही. स्पर्धेचे दोन दिवस तरी आत खर्रा आणि धूर पूर्ण बंद ठेवा. खुर्च्या लावा, पिण्याचं पाणी ठेवा, स्वच्छतागृह धुवून घ्या. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंचे सामने शनिवारी दुपारी लावा आणि त्यांच्या आईवडिलांना नावाने बोलवा. रविवारी सकाळी मुलींसाठी दोन तास टेबल फुकट ठेवा, शिकवायला एखादी खेळाडू किंवा मार्कर द्या. ज्या आईने एकदा आत येऊन पाहिलं, ती पुढच्या वेळी मुलाला परत बोलवायला दारातून ओरडत नाही.

खेळाडूंसाठी थोडं. तुमची पहिली खुली स्पर्धा असेल तर घरून निघताना खर्च मोजा: फी, एसटी, जेवण, एक रात्र. ही रक्कम गेली असं धरूनच नाव द्या. बक्षिसाच्या भरवशावर उधार घेऊन जाऊ नका. वर दिलेल्या वाटपातही निम्म्याहून जास्त जण रिकाम्या हाताने परततात. स्वतःचा क्यू असावा, महाग नको, पण टीप नीट बसवलेली हवी. परक्या क्यूने खेळणाऱ्याला पहिला तास अंदाज घेण्यातच जातो, आणि पहिला सामना तेवढ्यात संपतो.

सरावात चेंडू पॉकेटमध्ये घालण्याचाच हट्ट धरू नका. पांढरा चेंडू कुठे थांबला, हे प्रत्येक शॉटनंतर मोठ्याने बोलून पाहा: हवा तिथे, की जरा पुढे. पंधरा दिवसांत फरक कळेल. सेफ्टीची लाज वाटू देऊ नका. आपल्या पार्लरमध्ये पांढरा चेंडू लपवून ठेवणाऱ्याला भित्रा म्हणतात. नागपूरच्या टेबलावर त्यालाच खेळाडू म्हणतात. स्नूकरचं बारा फुटी टेबल मिळत असेल तर आठवड्यातून एकदा त्यावर खेळा. तिथे अर्धा चेंडू चुकला तरी माफी नसते, मग पुलाचं टेबल मोकळं वाटायला लागतं. आणि चांगल्या खेळाडूकडून हरलात तर लगेच निघून जाऊ नका. तो पुढे खेळत असतो, त्याच्या मागे बसा, तो शॉटआधी टेबलाभोवती किती वेळा फिरतो ते पाहा.

प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, निकालपत्रक आणि ओळखपत्राची प्रत एका फाइलमध्ये ठेवा. राज्य संघटनेच्या स्पर्धांत उतरताना आणि पुढे क्रीडा कोट्यातली नोकरी मागताना कागदच बोलतात. मोठ्या शहरांतल्या खुल्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांत हौशी खेळाडू थेट फी भरून खेळू शकतो. प्रवेशाची शेवटची तारीख पाहून ठेवा.

पुन्हा आयोजकांकडे. एक मोठी स्पर्धा करून वर्षभर कुलूप लावलं तर वर लिहिलेलं सगळं वाया जातं. मोठ्या स्पर्धेच्या रकमेतून दहावा हिस्सा बाजूला काढा आणि दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी शंभर रुपये फीची छोटी स्पर्धा लावा. वही चालू राहते, दर्जे खरे राहतात. यवतमाळ, पुसद आणि वणी इथल्या पार्लरचालकांनी एकत्र बसून वर्षाला तीन टप्पे ठरवले तर जिल्ह्याची क्रमवारी आपोआप तयार होते. पुसद-उमरखेडच्या बाजूने नांदेडचे खेळाडू येतील, वणीच्या बाजूने चंद्रपूरचे. तीन टप्प्यांचे गुण एकत्र करून पहिल्या दोघांची नावं जाहीर करा.

त्या दोघांना ट्रॉफी देऊ नका. पुढच्या वर्षी नागपूर, पुणे किंवा मुंबईत होणाऱ्या एका खुल्या स्पर्धेची फी, जाण्या-येण्याचं रेल्वेचं किंवा एसटीचं तिकीट आणि तीन रात्रींच्या लॉजचे पैसे मंडळाच्या खात्यातून भरा. तिकीट त्यांच्याच नावाने काढा. दोघांनाही एकत्रच पाठवा, म्हणजे परक्या शहरात सरावाला जोडीदार असतो आणि एक हरला तरी दुसऱ्याचा सामना पाहायला तो थांबतो. परत आल्यावर शेवटच्या रविवारच्या स्पर्धेआधी अर्धा तास त्यांनी टेबलाशी उभं राहून, तिथे पाहिलेला एक तरी नवा शॉट सगळ्यांना करून दाखवावा, एवढी अट त्यांना आधीच सांगून ठेवा.